वहीतला रॅमचा भाव

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, सीईटीला ७१ पर्सेंटाइल. सुट्टीत ओळखीच्या लोकांना कॉम्प्युटर असेंबल करून देतो आणि आता म्हणतो, सीएमए, म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट, व्हायचंय. तुम्हाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच हवंय. त्यासाठी मॅनेजमेंट कोट्यातली सीट घ्यायची आणि रस्त्यालगतचे पाच गुंठे विकायचे, इथपर्यंत तुमचं ठरलंय. त्याच्या मार्कांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती तुमच्या एका वाक्याची : 'हिशेबनिसाचा बाप म्हणून मला गावात फिरायचं नाही.'

हे त्याच्यासमोर बोललात का? बोलला असाल तर आधी ते मागे घ्या. अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात आणि प्रत्येक उत्तराआधी वडिलांच्या तोंडाकडे बघतात. वडील चहाला बाहेर गेले की मग बोलायला लागतात. गावाची धास्ती खोटी नसते, मला ठाऊक आहे. पण गाव एका लग्नापुरतं बोलतं; नावडत्या वर्गात चार वर्षं बसायचंय ते त्याला.

आता तुमची तक्रार. 'गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घेतो, मग पार्ट मागवतो. घरात एक रॅमसुद्धा आणून ठेवत नाही, नुसते भाव वहीत लिहीत बसतो. असा कुठं धंदा होतो का?'

होतो. १९८४ मध्ये मायकेल डेल या १९ वर्षांच्या मुलानं टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातून हजार डॉलरच्या भांडवलावर असाच धंदा सुरू केला; तीच पुढे डेल कंपनी झाली. त्याच्या आईवडिलांना तो डॉक्टर व्हायला हवा होता. ते भेटायला आले तेव्हा त्यानं कॉम्प्युटर बाथरूममध्ये लपवले होते. शिक्षण सोडा असं सुचवायला हे सांगत नाही. मला ते लपवणं टोचतं.

ज्याचं मशीन भारी तो कॉम्प्युटरच्या धंद्यात टिकतो, हा समज डोक्यातून काढा. बहुतेक कंपन्यांच्या पीसीत प्रोसेसर इंटेलचा आणि विंडोज मायक्रोसॉफ्टची. मग फरक उरतो खर्चाचा. चिपचा भाव कोथिंबिरीसारखा असतो, सकाळची जुडी संध्याकाळी निम्म्यात. इतरांचा माल डीलरकडे आठवडेच्या आठवडे पडून राहायचा आणि तेवढ्यात स्वस्त व्हायचा. डेलकडे १९९०च्या दशकाच्या अखेरीस जेमतेम आठवड्याचा साठा असे, आणि पार्टचे पैसे पुरवठादाराला द्यायच्या आत गिऱ्हाइकाचे हातात पडलेले असत. हे शहाणपण त्यालाही ठेच लागूनच आलं : १९८९ मध्ये त्यानं मेमरी चिप भरमसाट भरून ठेवल्या आणि भाव कोसळले. ज्या आयबीएमनं १९८१ मध्ये आपला पीसी आणून हा बाजार उभा केला, तिचा पीसीचा धंदा तोट्यात गेला आणि २००५ मध्ये तिनं तो लेनोव्होला विकून टाकला. पुढे ॲपलचे सीईओ झालेले टिम कुक १९९८ मध्ये त्या कंपनीत आले. पदवी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची. त्यांनी गोदामं बंद केली, पुरवठादार कमी केले आणि महिनाभराचा साठा काही दिवसांवर आणला. कुठला पार्ट घरात बनवायचा, कुठला बाहेरून घ्यायचा, किती आणि कधी, हे आकडे काढणाऱ्याला तुम्ही कारकून म्हणताय.

वाट साधी आहे. बारावीनंतर सीएमए फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग फायनल. सोबत बीकॉम करता येतं. इंजिनिअरिंगच करायचं असेल तर सीईटीतून प्रॉडक्शन किंवा इंडस्ट्रियलची शाखा बघा, पुढे कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, देऊन आयआयएम मुंबई, म्हणजे पवईचं पूर्वीचं निटी. मुलालाही एक विचारायचंय : सीएमएत कायदा आणि कर यांचेही पेपर असतात, ते चाळून बघितलेत का? निकाल कडक लागतो, नुसत्या आवडीवर निभत नाही.

सीटचा ॲडव्हान्स या आठवड्यात भरू नका. रविवारी त्याची ती वही मागून घ्या आणि शेजारी बसून विचारा, रॅम कोणत्या आठवड्यात घेतली, कोणत्या आठवड्यात थांबलास, का थांबलास. त्यानं काय सांगितलं ते मला कळवा. गुंठ्यांचं त्यानंतर बोलू.