रोज कामावर जायला आणि पावसाळ्यात वावरात न्यायला जुनी पेट्रोल फोर-बाय-फोर कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की रोज जालन्याहून शेंद्र्याच्या एमआयडीसीत जायचंय, महिन्यातून चार-पाच वेळा अंबडकडच्या वावरात, तेही भर पावसाळ्यात. डिझेल नको, जुनी चालेल, आणि मन मारुतीच्या जिप्सीवर बसलंय. माझं शेत मानवतजवळ आहे आणि दारात बारा वर्षांपासून जिप्सी आहे. तरी सांगतो, तुमच्या कामाला जिप्सी घेऊ नका. मारुतीचीच जिम्नी बघा.

तुमची गाडी बहुतेक वेळ डांबरावरच पळणार आहे. जाऊन-येऊन ८० किलोमीटर धरले तर महिन्याचे २,००० झाले. माझी जिप्सी लिटरला दहा देते, म्हणजे २०० लिटर पेट्रोल. जिम्नीने चौदाच दिले तरी पंचावन्न-साठ लिटर वाचतात. त्याहून मोठा हिशोब अंगाचा. जिप्सीला पुढेमागे पाटे (लीफ स्प्रिंग), पॉवर स्टेअरिंग नाही, कंपनीचा एसी नाही. मी दोन वर्षं रोज परभणीला तीच घेऊन जायचो, शेवटी कंबरेचा पट्टा लागला. आता ती फक्त शेतावर जाते, आणि तिथे तिला तोड नाही. वजन जेमतेम एक टन, त्यामुळे चिखलात कमी रुतते.

जिम्नीलाही तशीच शिडीसारखी चेसिस, पुढेमागे अखंड एक्सल आणि फोर-लोचा (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर) वेगळा दांडा आहे, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. जून २०२३ पासूनची गाडी असल्याने २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ती तयार आहे. जुन्या जिप्सीत रबरी नळ्या आधी बदलून घ्याव्या लागतात. जिम्नीची अडचण एकच, मागे जागा फार कमी. खताची पोती न्यायची तर मागची सीट पाडावी लागते.

महिंद्राची थारही चांगली, पण पेट्रोल जास्त पिते. आणि जुनी घेताना एक गोष्ट नक्की बघा. जानेवारी २०२३ पासून थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही येते, बाहेरून तशीच दिसते. पेट्रोलची थार रॉक्स (पाच दारांची थार) तर फक्त टू-व्हीलच आहे. गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा नसेल तर पुढे बोलणीच करू नका.

आता गाडी तपासायची कशी, ते नीट वाचा, कारण मी इथेच फसलो होतो. माझी पहिली जिप्सी रंगाला चकाचक होती. महिनाभरात मागच्या डिफरेन्शिअलमधून (एक्सलच्या मधला गिअरचा डबा) घरघर सुरू झाली. मिस्त्रीने नट काढून बोट बुडवलं तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं. नदीनाल्यातून नेताना आत पाणी गेलेलं. बेअरिंग, क्राउन-पिनियन सगळं गेलं. म्हणून पुढचा डिफरेन्शिअल, मागचा आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा), तिन्हींचे नट उघडायला लावा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी सोडा. मग पुढच्या चाकांमागे वाका. तिथल्या गोळ्यावर ग्रीस-ऑइल ओघळलेलं असेल तर सील गेलंय. साठ-सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंग बघा. जिप्सी आणि जिम्नी दोन्हींत हा त्रास होतो.

फोर-बाय-फोर चालते का ते कोरड्या डांबरावर तपासू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये वेगळा डिफरेन्शिअल नाही, त्यामुळे सगळा ताण शाफ्ट-गिअरवर येतो. भुसभुशीत जमिनीत न्या, फोर-लो टाका, पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता सोडा. पुढची चाकं स्वतः माती ओढताना दिसली पाहिजेत. जिप्सीला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब असतील तर आधी ते लॉक करा, नाहीतर दांडा टाकूनही पुढच्या चाकांना जोर मिळत नाही.

आणि टायर! अंबडकडची काळी माती तुम्हाला मी काय सांगायची. पाण्याने फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की दहा फुटांत टायरचा गुळगुळीत गोळा होतो. मग चारही चाकं फिरली तरी गाडी जागेवरच. गुळगुळीत टायरच्या फोर-बाय-फोरपेक्षा चांगल्या खाचांच्या साध्या जीपवर मी जास्त भरवसा ठेवीन. ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींसाठीचे) टायर घाला. पूर्ण मड टायर रोजच्या डांबरावर घोंगावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला दगा देतात. वावरात शिरताना टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा आणि परत भरायला छोटा पंप गाडीतच ठेवा.

शक्य असेल तर गाडी बघायला पाऊस पडून गेल्यावर जा, ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घेऊन. मालक ओल्या वावरात न्यायला नको म्हणाला, तर दुसरी बघा.