विहिरीत पोहायला शिकलोय. कॉलेजच्या मुलांबरोबर समुद्रातला रिले जमेल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू राजापूरकडच्या गावातला, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलास आणि यंदा रत्नागिरीला कॉलेजात आलास. इथल्या पोहणाऱ्या मुलांनी सहा जणांचा समुद्रातला रिले ठरवलाय आणि तुला विचारलंय. तुला जमेल का, अशा क्लबात नक्की काय चालतं, आणि समुद्राचं नाव काढलं की घाबरणाऱ्या आईला काय सांगायचं?

मी रत्नागिरीतच शिकले. तीन वर्षं अशाच एका गटात होते आणि शेवटच्या वर्षी डिसेंबरात आम्ही सहा जण गणपतीपुळ्याहून मांडवीपर्यंत रिले पोहलो, साधारण वीस किलोमीटर. तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते.

जमेल. पण तयारी कशाची करायची ते आधी नीट समजून घे. रिले म्हटलं की सगळे पोहण्याचा विचार करतात. सहा जणांच्या रिलेत तू एक तास पाण्यात असतोस आणि पाच तास होडीत. मला विचारशील तर खरी परीक्षा त्या पाच तासांची असते.

नियम सांगते, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. लांब पल्ल्याच्या रिलेत बहुतेक ठिकाणी इंग्लिश खाडीचीच पद्धत चालते. मिहीर सेन यांनी १९५८ साली आणि आरती साहा यांनी १९५९ साली जी खाडी एकट्याने पार केली, तीच ही. तिथे रिलेत प्रत्येकाने बरोबर एक तास पोहायचं, क्रम सुरुवातीला ठरवायचा आणि शेवटपर्यंत तोच ठेवायचा. पुढच्याने चालू पोहणाऱ्याच्या मागून पाण्यात उतरायचं आणि त्याला ओलांडून पुढे जायचं. एकालाही आपली पाळी घेता आली नाही तर तिथेच सगळ्यांचा रिले संपतो. म्हणजे संघातला सगळ्यात वेगवान कोण याला फारसा अर्थ उरत नाही. सहावा माणूस बाराव्या तासाला उभा आहे का, एवढंच महत्त्वाचं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांचे सहा-सहा जणांचे संघ ह्याच खाडीत एकमेकांशी शर्यत लावतात. त्यांचा मुख्य शत्रू थंडी, पाणी पंधरा ते अठरा अंशांचं. आपलं तसं नाही. डिसेंबरात आपल्याकडचं पाणी सत्तावीस अंशांच्या आसपास असतं, पहाटेच्या हवेपेक्षा उबदार. आपल्याला छळतात ऊन, मीठ, झार (जेलीफिश) आणि होडीचं हेलकावणं.

क्लबाचं म्हणशील तर त्यात रोमांचक फार थोडं आहे. पहाटे साडेपाचला तलावावर, आठच्या तासाला ओल्या केसांनी वर्गात, दुपारी पुस्तकावर डोकं. आमच्याकडे पंचवीस मीटरचा तलाव होता आणि एका लेनमध्ये सात-आठ जण. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की वेग मोजणाऱ्यांना लेन द्यायची, आम्ही लांब पोहणाऱ्यांनी कडेला सरकायचं. वर्गणीतून एक शिट्टी, दोन स्टॉपवॉच आणि एक नारिंगी फुगा घेतला होता, कमरेला बांधून समुद्रात मागे ओढायचा. तो फुगा आम्ही पाळीपाळीने घरी नेऊन गोड्या पाण्याने धुवायचो. मला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं तर तलावाच्या कठड्यावर बसून सहा जणांनी एका डब्यातून खाल्लेलं घावन आणि चटणी. कोण किती खातो, कोण भूक लागली की चिडतो, कोण दमला तरी सांगत नाही, हे तिथे कळतं. होडीवर हीच माहिती कामाला येते.

आता तुझं विहिरीतलं पोहणं. त्याची लाज बाळगू नकोस. खोल पाण्याची भीती तुला नाही, आणि ती घालवायला तलावात शिकलेल्यांना महिने लागतात. पण विहिरीत आपण डोकं वर ठेवून पोहतो. तसं तासभर पोहलास तर मान आणि कंबर धरेल. तोंड पाण्यात घालून श्वास पाण्यातच सोडायचा आणि दोन्ही बाजूंनी घेता यायला हवा, कारण लाट कुठल्या बाजूने येईल ते तुझ्या हातात नाही. ह्याला दोन महिने दे. दुसरं म्हणजे तलावातल्या किलोमीटरवर विसंबू नकोस. पंचवीस मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे चाळीस फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला तू भिंतीला पाय लावून चार-पाच मीटर फुकट पुढे जातोस. समुद्रात भिंत नाही. दर दहा-बारा हातांनी डोळे पाण्याच्या वर काढून खूण बघायला शिक. एक खूण पुरत नाही. मच्छीमार जाळं टाकताना दोन खुणा एका रेषेत धरतात, पुढचं झाड आणि मागच्या डोंगराची खांड. त्या दोन एकमेकींपासून सरकल्या की आपण वाहतोय. ही विद्या मला कुठल्याही प्रशिक्षकाने दिली नाही, आमची होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांनी दिली.

त्यांनीच शिकवलेलं आणखी एक. तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण आणि बाराला सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण. पौर्णिमेला सव्वाअकरा. मोबाइलवर तक्ते असतात, ते बघावेतच, पण हा हिशोब डोक्यात असला की होडीवर बसल्या बसल्या पाणी आता काय करणार ते सांगता येतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त. पहिला रिले भांगातच ठेवा.

हे सगळं माहीत असूनही आमची चूक झाली, ती सांगते. आम्ही सप्तमी धरली होती. सव्वापाचला भरती, सव्वाअकराच्या सुमारास सुकती पूर्ण. सहाला उतरायचं, म्हणजे काळबादेवीचा उपसागर आणि साखरतरच्या खाडीचं तोंड साडेदहापर्यंत मागे पडेल. मिरकरवाडा बंदरातून अंधारात निघायचं होतं आणि परवानगीचं पत्र खोलीवर राहिलं. ते आणेपर्यंत एक तास गेला. जाताना होडीच्या मागे पाणी निळसर उजळत होतं, पाणी ढवळलं की चमकणारे सूक्ष्म जीव असतात ते. आम्ही सगळे ते बघत बसलो, गेलेल्या तासाचा हिशोब कुणीच केला नाही.

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. आम्ही किनाऱ्यावरून पाण्यात शिरलोच नाही, लाटा फुटतात त्याच्या बरंच बाहेर होडीतून उतरलो. सात वाजले होते. पहिले चार तास सुरेख गेले, आरे-वारे मागे पडलं, दहा किलोमीटरच्या वर झालं. पाचवी पाळी माझी. मी अकराला उतरले आणि वीस मिनिटांत पाणी फिरलं. भरतीचं पाणी खाडीत शिरायला लागलं की तोंडापाशी असलेल्या प्रत्येक गोष्टीला ते आत ओढतं. मी मिऱ्याच्या डोंगराच्या टोकाकडे तोंड करून पोहत होते आणि दर वेळी डोळे वर काढले की टोक उजवीकडे सरकलेलं. काका ओरडले, "पाणी आत घेतंय पोरी, टोकावर नको जाऊ, बाहेर धर!" म्हणजे जायचंय त्याच्या बरंच पश्चिमेला तोंड करायचं, मग पाणी आणि आपण मिळून बरोबर जागी पोचतो. ते मला कळत होतं, पण डोळ्यांना दिसणाऱ्या जमिनीपासून दूर तोंड करून पोहायला मन तयार होत नव्हतं. त्या तासात आम्ही एक किलोमीटरही पुढे सरकलो नाही. वर आल्यावर मी रडले. माझ्यानंतर उतरणाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, गॉगल लावला आणि उतरला. तो पहिल्या हातापासून बाहेर धरून पोहला आणि मिऱ्याचं टोक त्याने काढलं. पुढे वायव्येचा वारा पाठीवर आला, रत्नदुर्गाचं दीपगृह डाव्या हाताला ठेवून वळसा घातला, आणि चारच्या सुमारास मांडवीला लागलो. नऊ तास.

म्हणून सांगते, क्रम ठरवताना पाणी फिरायच्या वेळी कोण उतरणार हे आधी बघा, आणि तिथे शांत डोक्याचा माणूस ठेवा. वेगवान मुलगा सुरुवातीला लावायचा मोह होतो. सुरुवातीला कुणीही पोहतं.

होडीतले पाच तास कसे काढायचे? आपल्याकडे म्हणतात ना, बोट लागते. किनाऱ्यावर वाढलेल्यांनाही लागते, कारण होडी चालत नसते, पोहणाऱ्याच्या गतीने डुलत असते. आमच्यातल्या दोघांना लागली. डिझेलच्या धुरापासून लांब, होडीच्या मधोमध बसायचं, नजर क्षितिजावर, मोबाइलमध्ये अजिबात नाही. पोट रिकामं ठेवू नकोस आणि तुडुंबही भरू नकोस. आलेपाक, केळं, गूळ-शेंगदाणे, नाचणीची आंबील हे राहतं पोटात. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि ती आधी एखाद्या सरावाच्या दिवशी घेऊन बघ, कारण काहींना तिने झोप येते. आधी एक अख्खा दिवस नुसतं होडीत बसून या सगळे. आम्ही ते केलं नाही आणि पस्तावलो.

पाण्यातून वर आलास की लगेच अंग कोरडं कर, सुका सदरा, कानटोपी. पाणी उबदार असलं तरी ओल्या अंगाला वारा लागून हुडहुडी भरते. आणि उलट बाजूही तितकीच खरी. मार्च-एप्रिलनंतर समुद्र तापतो. २३ ऑक्टोबर २०१० रोजी फुजैराला दहा किलोमीटरच्या शर्यतीत फ्रान क्रिपेन हा अमेरिकेचा उत्तम जलतरणपटू गरम पाण्यात दगावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा ३१ अंश ठरली. तुमच्या गटात कुणी मे महिन्यात रिले करू म्हणालं तर त्याला हे सांग. कोकम सरबतात मीठ-साखर घालून बाटल्या भरून ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता प्या.

झार लागला तर घाबरून हातपाय मारायचे नाहीत. तंतू काठीने किंवा चिमट्याने अलगद काढायचे, जागा चोळायची नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायची. गोडं पाणी ओतलं की उरलेले डंख फुटतात. श्वास लागला किंवा चेहरा सुजायला लागला तर तिथेच रिले थांबवून किनारा गाठायचा. काखेत आणि मानेला वॅसलीन लाव, नाहीतर मिठाने कातडी सोलते. आणि इंजिन न्यूट्रलला आलं असं तांडेलाने हात वर करून सांगितल्याशिवाय कुणीही उडी मारायची नाही. ह्यात सवलत नाही, कुणालाच.

समुद्रातला पहिला अनुभव म्हणून डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी पोहण्याच्या स्पर्धेला जा. वयोगटांप्रमाणे लहानमोठी अंतरं असतात, बचावाच्या होड्या असतात. कुडाळला उतरून एसटी धरलीस की मालवण. तिथे शेकडो जणांच्या गर्दीत पोहून आलास की हात-लाथा लागण्याची भीती जाते. रिले त्यानंतरच्या वर्षी केलात तरी काही बिघडत नाही.

आईचं. माझ्या आईलाही समुद्राची भीती होती, तिच्या माहेरी एक माणूस होडीबरोबर गेला होता. मी तिला समजावत बसले नाही. सरावाच्या एका रविवारी तिला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं आणि तांडेलकाकांशी बोलायला बसवलं. तिने त्यांना विचारलं, वारा सुटला तर परत आणाल ना? ते म्हणाले, पोरं नाही म्हणाली तरी आणीन. तेवढं तिला पुरलं. मांडवीला आम्ही लागलो तेव्हा ती धक्क्यावर होती. तुझ्या आईला तुझ्या बोलण्याने धीर येणार नाही, होडी चालवणाऱ्या माणसाला भेटून येईल. भेटव.

आणि हो म्हणण्याआधी तुझ्या गटाला तीन प्रश्न विचार. होडी कुणाची आणि तांडेल ह्या पाण्यातला आहे का? बंदर खात्याला आणि सागरी पोलिसांना पत्र गेलंय का? रिले थांबवायचा निर्णय कोण घेणार? तिसऱ्याला 'सगळे मिळून ठरवू' असं उत्तर आलं तर यंदा जाऊ नकोस. ते एका माणसाचं काम आहे, आणि तो पोहणाऱ्या सहांपैकी नसावा.