वाचकांचे प्रश्न : सपाटीवर, झाडीत आणि नदीकाठच्या पाणथळीत पळताना

प्रश्न : साधारण ८ किलोमीटरची वाट आखायची आहे. त्यात थोडा मोकळा शेतरस्ता, थोडी झाडी आणि शेवटी नदीकाठची पाणथळ येते. नकाशावरून हे ठरवता येईल का?

अर्धं ठरवता येईल, उरलेलं एकदा चालून बघावं लागेल. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, १:२५,००० वर ४ सेंटिमीटर. वाटेच्या वळणांवर दोरा बसवा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजा. बारीक वळणं नकाशात गुळगुळीत केलेली असतात, म्हणून प्रत्यक्षातलं अंतर थोडं जास्तच भरतं. उपग्रह छायाचित्र बघत असाल तर ते कोणत्या महिन्यातलं आहे ते आधी पाहा. कोरड्या दिवसांतल्या चित्रात पांढरी, स्वच्छ दिसणारी पायवाट पावसानंतर घोटाभर पाण्याखाली असू शकते.

एकच मोठा फेरा शक्यतो टाळा. एकाच ठिकाणी येऊन मिळणारे ४-४ किलोमीटरचे दोन फेरे आखले तर दुखलं, पाणी संपलं किंवा पुढची वाट बुडालेली निघाली, तर अर्ध्यातून परतता येतं.

तुम्ही लिहिलेला क्रम चांगला आहे. सपाटीवर पहिली १०-१५ मिनिटं अंग गरम होतं, झाडीत शिरताना लक्ष ताजं असतं आणि पाय ओले होतात ते शेवटी. ओल्या मोज्यांनी ६ किलोमीटर पळलं की फोड ठरलेलेच. मोकळ्यावर वारा असेल तर जाताना तो तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. उलट केलंत तर घामाने भिजलेल्या अंगावर समोरून वारा बसतो, तेही दमल्यावर.

प्रश्न : नदीकाठी दोन वाटा आहेत. एक अगदी काठाला लागून, दुसरी बरीच आत. सुरक्षित म्हणून आतली धरली तर तिथेच जास्त चिखल. हे उलटं कसं?

उलटं नाही, नदी जमीन रचते तीच अशी. पुराचं पाणी काठ ओलांडतं तेव्हा त्याचा वेग एकदम मंदावतो. मग जाड, जड वाळू लगेच काठालाच बसते आणि बारीक चिकण गाळ वाहत जाऊन आतल्या सखल भागात बसतो. असे कित्येक पूर होऊन गेले की काठ थोडा उंच आणि रेताड होतो, आतली जमीन बुटकी आणि चिकण राहते. रेतीतून पाणी झिरपून जातं, चिकणमातीत ते पुढे बरेच दिवस तुंबून असतं. त्यामुळे पावसानंतर काठालगतची वाट आधी वाळते.

म्हणून सरसकट काठच धरावा, असं मात्र नाही. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला पाण्याचा जोर जास्त असतो. तो काठ खालून पोखरतो आणि वरचं गवत छपरासारखं पुढे आलेलं राहतं. वरून पळणाऱ्याला ते कळत नाही. काठाला समांतर गेलेली भेग दिसली तर पुढचा तुकडा सुटायच्या बेतात आहे असं समजा. अशा वळणावर काठाच्या उंचीइतकं तरी अंतर आत सरकून पळा. सगळ्यात दगाबाज दिवस पूर चढतो तेव्हाचे नसून तो उतरतो तेव्हाचे असतात. भिजून जड झालेल्या काठाला पाण्याचा जो आधार होता तो निघून जातो आणि दरड बसते. पाणी ओसरलं म्हणून लगेच तिकडे धावायला जाणारे नेमकं हेच विसरतात.

वळणाच्या आतल्या बाजूला उलट वाळू साचते. तिथे पडायची भीती नाही, पण कोरड्या सैल वाळूत पळायला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. तेवढा पट्टा आला की वेग सोडून द्या, पावलं आखूड करा.

आतल्या वाटेवर कुठे पाय टाकावा हे झाडोरा सांगतो. लव्हाळा आणि पाणकणीस म्हणजे खाली पाणी. सपाट, एकसारखा, चकचकीत हिरवा गालिचा दिसला तर तिथे जाऊच नका, तो तरंगता थर असू शकतो. पाय रुतलाच तर सरळ वर हिसका देऊ नका, बूट आत राहतो. पंजा खाली करून टाच हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. पायाभोवती पाणी शिरलं की पकड सुटते. गुडघ्यापर्यंत गेलात तर मागे रेला, बसा, वजन पसरवा.

प्रश्न : पूर्ण सपाट डांबरी रस्त्यावर पळतो, चढ कुठेच नाही, तरी एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते.

रस्ता सपाट दिसतो, पण पाणी निथळावं म्हणून तो मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. रोज एकाच कडेने पळलात तर खालच्या बाजूचा पाय दर पावलाला थोडा खोल पडतो आणि कंबर तिकडे झुकते. शिवाय सपाटीवर हजारो पावलं अगदी एकसारखी पडतात. त्याच स्नायूंवर तोच भार येतो, त्यांना आलटून पालटून विसावा मिळत नाही. वाहनं समोरून दिसतील अशी बाजू सोडायची नाही, त्यामुळे बाजू बदलणं हा उपाय रहदारीच्या रस्त्यावर चालत नाही. जमेल तितकं अंतर कडेच्या मातीच्या वाटेवर न्या आणि दर किलोमीटरला अर्धा मिनिट पावलं आखूड करून त्यांची गती वाढवा. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : दाट झाडीत जीपीएस घड्याळ भलताच वेग दाखवतं.

फांद्या आणि ओली पानं उपग्रहाचा संदेश अडवतात, काही संदेश खोडांवर आपटून उशिरा पोचतात. घड्याळाची वाट मग नागमोडी होते. झाडीत मिनिटं मोजा आणि दम बघा: पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर आहे. तसाही तिथे डोळा मनगटावर नको, ३ ते ५ मीटर पुढे हवा. उन्हातून सावलीत शिरताना डोळे सरावेपर्यंत हळू पळा, मुळांना ठेचकाळतो माणूस तो तिथेच.

प्रश्न : तिन्ही प्रकारच्या जमिनीला एकच बूट चालेल का? आणि पाणी आत न जाणारा घ्यावा का?

चालेल. तळाचे दात ३-४ मिलिमीटरचे आणि विरळ असलेला बूट घ्या. दाट दातांत चिखल भरतो आणि तळ गुळगुळीत होतो. ५-६ मिलिमीटरचे दात चिखलात उत्तम, पण डांबरावर लवकर झिजतात. ओल्या लाकडी फळ्यांवर त्यांची फक्त टोकं टेकतात, म्हणून घसरतात. शेवाळ धरलेल्या फळ्यांवर बूट कुठलाही असो, वळणं आणि ब्रेक मारणं फळी संपल्यावर. फळीवर आखूड पावलं, आख्खा तळवा टेकवून.

पाणी आत न जाणारा बूट पाणथळीत घेऊ नका. पाणी वरून, घोट्याकडून शिरतं आणि मग बाहेरही पडत नाही. जाळीदार बूट आणि लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. सुती मोजे पाणी धरून ठेवतात. परत आल्यावर आतला सोल काढा, नाडी सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. शेगडीजवळ किंवा हीटरसमोर ठेवलात तर बूट लवकर वाळतो खरा, पण तळाचा गोंद सुटतो.

प्रश्न : गवतातून पळून आल्यावर पायाला गोचीड चिकटलेली दिसली. तेल लावून काढू का?

नको. तेल, मेणबत्ती, नखाने ओरबाडणं, यातलं काहीच नको. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर ती तारीख डॉक्टरांना सांगा.