घर्षण शून्य केलं तरी मशीन १०० टक्के का होत नाही?

तुम्ही विचारलंय की बेअरिंग, ऑइलिंग सगळं एकदम परफेक्ट केलं, घर्षण शून्यावर आणलं तर टाकलेली सगळी एनर्जी कामात का येणार नाही. मी औष्णिक वीज केंद्रात टर्बाइन मेंटेनन्सला आहे म्हणून तिथलंच सांगतो, कारण आमच्याकडे घर्षण हा अगदी किरकोळ खर्च आहे, जनरेटर तर त्याला मिळालेल्या ताकदीची ९८ टक्क्यांच्या वर वीज करतो.

५०० मेगावॉटचा जुना सेट (म्हणजे बॉयलर, टर्बाइन, जनरेटर मिळून) धरा. कोळशाची १०० भाग उष्णता घेतली तर साधारण ३५-३६ भाग वीज होते, १३-१४ भाग चिमणीतून वगैरे जातात आणि उरलेली जवळपास अर्धी उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करून पाणी करणाऱ्या भांड्यातून, कूलिंग टॉवरला जाते. (ते रुंद टॉवर धूर सोडत नाहीत हो, ती पाण्याची वाफ असते.)

आता नवीन पोरं हमखास विचारतात की साहेब टर्बाइनमधून आलेली वाफ थंड कशाला करायची, तशीच बॉयलरला परत द्या ना! पण बॉयलरमध्ये प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला १७० किलोच्या आसपास, टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ जवळजवळ व्हॅक्यूममध्ये, आणि तेवढी फुगलेली वाफ परत दाबायची म्हटली तर टर्बाइनने जे दिलं ते सगळं त्यातच जाईल, उलट कमीच पडेल. तिचं पाणी केलं की फीड पंप ते थोडक्या ताकदीत बॉयलरमध्ये ढकलतो. म्हणजे उष्णता फेकणं हा हलगर्जीपणा नाही, फेकल्याशिवाय चक्रच पूर्ण होत नाही.

हे सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्येच मांडलं. वाफ ५३८ अंश सेल्सिअस आणि कंडेन्सर ४५ अंश असेल, तर घर्षण अजिबात नसलेलं आदर्श इंजिनसुद्धा ६१ टक्क्यांच्या आसपास थांबतं. वाफेचे रेणू सगळ्या दिशांना सैरावैरा पळत असतात, ती सगळी पळापळ एकाच शाफ्टला जुंपता येत नाही. मे महिन्यात विदर्भात कूलिंगचं पाणीच गरम झालं की कंडेन्सरमधला व्हॅक्यूम कमी होतो आणि तेवढाच कोळसा जाळून मेगावॉट कमी मिळतात, हे आम्ही दरवर्षी कंट्रोल रूममध्ये बघतो.

कोयनेला ही अडचण नाही, तिथे उष्णता मध्ये येतच नाही, त्यामुळे पाण्याची टर्बाइन ९० टक्क्यांपर्यंत जाते. आणि कोळशातही वाफ जास्त तापवली की फायदा होतो, कोराडीचे ६६० मेगावॉटचे सुपरक्रिटिकल (म्हणजे आणखी जास्त प्रेशर आणि तापमानाला चालणारे) सेट त्यासाठीच आहेत.