पत्रात्मक की पत्ररूप? आणि मायन्याविषयी थोडे

एका वाचिकेने तीन प्रश्न एकत्र पाठवले आहेत. पत्रांमधून सांगितलेल्या कादंबरीला ‘पत्रात्मक’ म्हणायचे की ‘पत्ररूप’? सुटसुटीत ‘पत्री कादंबरी’ म्हटले तर काय बिघडते? आणि दुसऱ्यांची पत्रे वाचण्यात एवढी गोडी का वाटते, याचे उत्तर शब्दांच्या अंगाने देता येईल का?

सोपा प्रश्न आधी संपवतो. ‘पत्री’ नको. व्याकरण आड येत नाही, कान आड येतो. भाद्रपदात गणपतीला वाहतात ती पत्री, बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री, आणि धान्याचा डबा असतो तोही पत्री. ‘पत्री कादंबरी’ म्हटले की निम्म्या लोकांना दूर्वा-आघाडा आठवेल आणि साताऱ्याकडच्यांना नाना पाटलांचे सरकार. पत्र म्हणजे मुळात झाडाचे पानच (बेलपत्र, पत्रावळ त्याच घरातले), तेव्हा ‘पत्री’ची तक्रार तशी अन्यायाची आहे. पण शब्द रुळतात ते असल्या अन्यायानेच.

‘पत्रात्मक’ आणि ‘पत्ररूप’ हे दोन्ही शब्द शुद्ध आहेत, दोन्ही छापून येतात आणि लिहिणारे ते आलटूनपालटून वापरतात. मी मात्र दोहोंत फरक करतो. तो माझा आहे, पटला तर घ्यावा. ‘रूप’ म्हणजे डोळ्यांना दिसते ते. ‘आत्मक’ म्हणजे ते ज्याचा आत्मा आहे असे. कथा पत्राच्या वेषात आली असेल तर ती पत्ररूप. पत्र काढून घेताच कथाच कोसळत असेल तर ती पत्रात्मक.

गटेची वेर्थरची कादंबरी (१७७४) घ्या. वेर्थर बहुतेक पत्रे विल्हेल्म नावाच्या मित्राला लिहितो. विल्हेल्मचे उत्तर एकही छापलेले नाही. पत्रांच्या जागी रोजनिशी असती तरी वेर्थरचे दुःख तेवढेच राहिले असते. माझ्या हिशेबाने ही पत्ररूप. याउलट रिचर्डसनच्या ‘क्लॅरिसा’त (१७४७-४८) लव्हलेस हा नायिकेच्या मैत्रिणीची पत्रे मधल्यामध्ये पळवतो आणि तिच्या नावाने खोटी लिहितो. इथे पत्र हीच घटना आहे, त्यामुळे ही पत्रात्मक. ‘ड्रॅक्युला’त (१८९७) डॉक्टर व्हॅन हेल्सिंग आपल्या शिष्याला तार करतो की आज रात्री आजारी मुलीजवळ पहारा ठेव. तारेवर परगण्याचे नाव नसते म्हणून ती भलत्याच परगण्यातल्या कारफॅक्सला जाते आणि बावीस तास उशिरा पोचते. तेवढ्या वेळात जे व्हायचे ते होऊन जाते. पत्ता अर्धवट लिहिल्याने माणूस मरतो, हे दुसऱ्या कुठल्या कथनात जमणार? आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट अडीचशे वर्षे सांगितली जाते ती काय उगाच? इतिहासकार तिच्याबद्दल काही म्हणोत, पण पेशव्याच्या खुनाचा दोष एका अक्षराकडे जातो, हे ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही.

काही पुस्तके दोन्ही घरे फिरतात. ॲलिस वॉकरच्या ‘द कलर पर्पल’मधली (१९८२) सीली देवाला पत्रे लिहिते. देव काही उत्तर पाठवत नाही, म्हणजे प्रकरण पत्ररूप. मग कळते की बहिणीची पत्रे येतच होती, नवऱ्याने ती वर्षानुवर्षे दडवून ठेवली होती. ती पेटी उघडते त्या पानावर पुस्तक पत्रात्मक होते. मराठीत वामन मल्हार जोश्यांची ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) हे ठळक उदाहरण. वामनरावांना चर्चेची भारी हौस, आणि चर्चा कादंबरीत आली की ती निबंध होऊन बसते. पत्रामुळे निदान प्रत्येक मत कोणीतरी कोणालातरी सांगितलेले ठरते. या पुस्तकाला मी कुठल्या खणात घालीन? वाचताना एकदा इकडे, एकदा तिकडे, असे झाले आहे.

आता गोडीचा प्रश्न. माझ्या मते त्याचे मराठी उत्तर एका शब्दात आहे : मायना. मूळ अरबी, अर्थाने ‘अर्थ’च, हिंदीतले ‘मायने’ त्याचे सख्खे भाऊ. मराठीत तो पत्राच्या माथ्यावर जाऊन बसला. शाळेत त्याचा तक्ता पाठ करावा लागे. वडिलांना तीर्थरूप, वडिलांसारख्या परक्याला तीर्थस्वरूप. (सख्ख्याला ‘रूप’ पुरते, परक्याला ‘स्वरूप’ लागते, हे मला तेव्हाही अजब वाटे.) धाकट्याला चिरंजीव, खाली अनेक उत्तम आशीर्वाद. विधवेला गं. भा., म्हणजे गंगाभागीरथी. हा मायना गेला ते बरेच झाले. चुकीच्या मायन्याला गुण कापत, आणि ते बरोबरच होते. पत्र काय सांगते ते पुढचे, आधी कोण कोणाचा कोण हे ठरले पाहिजे.

ते ठरले नाही तर काय होते, याची आपली सर्वांत जुनी गोष्ट चांगदेवांची. परंपरा त्यांना चौदाशे वर्षांचे मानते. ज्ञानेश्वर वयाने पोर, अधिकाराने थोर. पत्र लिहायला घेतले आणि मायन्यालाच अडले : चिरंजीव लिहावे तर ज्ञानाचा अपमान, तीर्थरूप लिहावे तर वयाचा. शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताबाईने तो पाहून ‘एवढे जगून कोराच राहिला’ असे म्हटल्याचे सांगतात. ज्ञानेश्वरांनी उत्तर दिले पासष्ट ओव्यांचे, आणि पहिलाच शब्द घातला ‘स्वस्ति’. पत्राचा शिरस्ता मोडला नाही, पण चिरंजीव-तीर्थरूपाच्या भानगडीत ते पडलेच नाहीत.

इंग्रजीत पत्रकादंबरी ज्या पुस्तकाने गाजवली त्याचा उगमही मायन्याच्या पुस्तकापाशीच आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. रिचर्डसन हा लंडनचा छापखानेवाला. पन्नाशीच्या सुमाराला त्याला पुस्तकविक्रेत्यांनी गळ घातली की खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी नमुन्याच्या पत्रांचे पुस्तक करून दे. चाकरीला गेलेल्या मुलीच्या आईबापांनी तिला काय लिहावे, असा नमुना करता करता १७४० साली ‘पामेला’ झाली. नमुन्यांचे पुस्तक मागून आले. आपल्याकडे हेमाडपंताच्या नावावर सांगतात ते ‘मेस्तक’ही कोणाला कसे लिहावे याचेच. त्यातून कादंबरी निघाली नाही, एवढेच.

तर गोडी कुठे आहे? कल्पना करा की एका कादंबरीत नुसते तीनच मायने छापले आहेत. पहिला : ‘प्रिय बापू,’. दुसरा : ‘श्री. बापूसाहेब यांस, स. न. वि. वि.’. तिसरा, बऱ्याच महिन्यांनी : ‘बापू,’. भांडण कशावरून झाले ते मला माहीत नाही, पण झाले हे नक्की. तिसऱ्या पत्रात कोणीतरी आजारी आहे, असा माझा अंदाज. लेखकाने ‘त्यांच्यात दुरावा आला’ असे लिहिले असते तर मी पान उलटले असते. इथे तो दुरावा मीच शोधून काढला.

‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. नमस्कार-चमत्कार संपला, आता विशेष ते ऐका. पण गंमत अशी की कादंबरीतल्या पत्रात खरे विशेष तिथे नसतेच. ते असते ता. क.मध्ये. ताजा कलम हा फारसीतून आलेला, सही झाल्यावर पुन्हा उचललेला. पानभर हवापाणी, पिके, मुलांच्या परीक्षा. आणि खाली ‘ता. क. : ते अजून आलेले नाहीत.’ लिहिणारा ज्याच्यासाठी लिहितो त्याला एक दिसते, आणि खांद्यावरून डोकावणाऱ्या आपल्याला दुसरेच. याचा कळस फ्रेंच लेखक लाक्लोने १७८२ च्या कादंबरीत गाठला. त्यातला उमराव एका सालस स्त्रीला प्रेमाने व्याकूळ झालेले पत्र लिहितो, तेही एका वारांगनेच्या पाठीचे मेज करून. पत्रातले एकही वाक्य खोटे नाही. आपण आदले पत्र वाचलेले असते म्हणून आपल्याला कळते, त्या बिचारीला नाही. वाईट वाटते आणि हसूही येते, आणि हसू आल्याचे पुन्हा वाईट वाटते.

ईमेलमधून लिहिलेल्या कादंबरीला काय म्हणावे, हेही कोणीतरी विचारेलच. पत्रात्मकच म्हणा, मायना राहिलेला असतो, चुकीच्या माणसाला पाठवण्याची सोयही आहे. व्हॉट्सॲपवर मायना उरला नाही आणि दोन निळ्या खुणांमुळे ‘पत्र मिळालेच नाही’ ही सबबही गेली, तेव्हा तिथे लेखकाचे हाल आहेत असे मी समजत होतो. पण ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ कागदाला कधी साधली नसती. दुखवट्याच्या कार्डावर वर ‘श्री’ नसे आणि खाली लिहिलेले असे : वाचून फाडून टाकावे. तिथे फाडणारा निदान आधी वाचत असे.