अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोल ५९ मध्ये, चीफ्सची ऑफेन्सिव्ह लाइन (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पाच जणांची फळी) खरंच वाईट होती, की त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्सच चेंडू फार वेळ धरून ठेवत होता?

माझ्या मते अख्खी लाइन वाईट नव्हती, डाव्या बाजूला खिंडार पडलं होतं. फेब्रुवारी २०२५ च्या त्या सामन्यात ईगल्सने ४०-२२ ने हरवलं आणि माहोम्सला सहा वेळा सॅक केलं (चेंडू फेकण्याआधीच पाडलं), तेही एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे त्याच्यावर जादा गडी न धाडता!

मूळ दुखणं लेफ्ट टॅकलचं, म्हणजे फळीच्या डाव्या टोकाच्या जागेचं. त्या मोसमात तिथे कुणी टिकेना, म्हणून जो थूनीला लेफ्ट गार्डवरून (टॅकलच्या शेजारची आतली जागा) तिकडे सरकवलं. थूनी अव्वल दर्जाचा गार्ड आहे. पण टॅकलला बाहेरून वळसा घालून येणाऱ्या वेगवान गड्याला मोकळ्या जागेत अडवावं लागतं, तिथे लांब हात लागतात. शिवाय थूनी हलला आणि गार्डची जागाही कच्ची झाली. एका जागेपायी दोन गेल्या.

माहोम्स चेंडू धरून ठेवतो हे थोडंफार खरं. पण फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये, मोसमात ७० सॅक करून आलेल्या याच ईगल्ससमोर तो एकदाही सॅक झाला नव्हता. तेव्हा लेफ्ट टॅकलला ऑर्लँडो ब्राउन होता आणि थूनी आपल्या हक्काच्या जागी.

२०२५ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) चीफ्सने पहिल्याच फेरीत जॉश सिमन्स हा टॅकल घेतला, तो उगाच नाही.