सोसायटीच्या पंपाच्या मोटरला स्टील केज की प्लॅस्टिक केजचं बेअरिंग?

तुमच्या ५ एचपीच्या पंप मोटरसाठी पत्र्याच्या स्टील केजचंच बेअरिंग घ्या. केज म्हणजे बेअरिंगमधल्या गोळ्या सारख्या अंतरावर धरून ठेवणारा पिंजरा. मोटर दुरुस्तीचं काम करताना मी हेच बसवतो. मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांची पंपरूम बंदिस्त असते, मे महिन्यात मोटरला हात लाववत नाही, आणि स्टील केजला या तापमानाचं काहीच वाटत नाही. दुकानदार जिला प्लॅस्टिक केज म्हणतो ती म्हणजे काचतंतू मिसळलेलं पॉलिअमाइड ६६, एक प्रकारचं नायलॉन. ती वाईट अजिबात नाही: हलकी, आवाज कमी, ग्रीस कमी पडलं तरी थोडा वेळ तग धरते. पण साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर सतत चालली की कडक होऊन तडकते, आणि ईपी ॲडिटिव्हचं (जास्त दाबासाठी रसायनं घातलेलं) ग्रीस असेल तर आणखी लवकर. पितळी केज मोठ्या, जास्त हादरे बसणाऱ्या मोटरना. इथे तो खर्च वाया.

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारातून घेताना नंबरामागची अक्षरं बघा. एसकेएफ कंपनीच्या बेअरिंगमध्ये ‘टीएन९’ म्हणजे पॉलिअमाइड, ‘एम’ म्हणजे पितळ. पत्र्याच्या केजला सहसा वेगळं अक्षर नसतं.

मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर मात्र शाफ्टमधल्या करंटने बेअरिंग जाऊ शकतं. त्यावर केज बदलून उपयोग नाही, इन्सुलेटेड बेअरिंगसारखा (करंट अडवणारा) उपाय लागेल.